धुराड्यातल्या कार्बन डायऑक्साइडचे काय करावे: सोडा, चुन्याची भुकटी की खडी?

कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याऐवजी त्यापासून विकण्याजोगे खनिज तयार करावे, असा विचार करणाऱ्यापुढे आज मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला सोडियम बायकार्बोनेटचा, म्हणजे खाण्याच्या सोड्याचा. दुसरा अवक्षेपित कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे कागद, रंग आणि प्लास्टिकमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शुभ्र, बारीक भुकटीचा. तिसरा स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) किंवा राखेवर हा वायू मुरवून बांधकामाची खडी करण्याचा. तिन्ही मार्गांत वायू एकच असतो. बदलतो तो त्याला बांधून ठेवणारा अल्कधर्मी पदार्थ. म्हणून धुराड्यातून किती वायू मिळेल याची चौकशी करण्याआधी, ही अल्कली कोठून आणणार आणि तयार झालेला माल शेवटी कोठे जाणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवलेली बरी.

व्यापाराच्या दृष्टीने सोड्याचा मार्ग सर्वांत रुळलेला आहे. इंग्लंडमधील नॉर्थविच येथे टाटा केमिकल्स युरोपने 2022 मध्ये सुरू केलेला प्रकल्प आपल्याच, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरातून वर्षाला 40,000 टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड वेगळा काढू शकतो, आणि तो इतका शुद्ध केला जातो की त्यापासून झालेला सोडा अन्नात आणि डायलिसिससाठीही वापरता येतो. तमिळनाडूत तुतिकोरिन येथे कोळशाच्या बॉयलरमधील वायू पकडून सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट), करण्याची, वर्षाला सुमारे 60,000 टन क्षमतेची यंत्रणा त्याआधीच, 2016 मध्ये उभी राहिली होती.

खाण्याच्या सोड्याच्या वजनात जवळपास 52 टक्के वाटा कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि हा आकडा ऐकणाऱ्याला फार भुरळ घालतो. मात्र हा सोडा कॉस्टिकपासून (सोडियम हायड्रॉक्साइडपासून) करायचा झाल्यास 1 टन वायूमागे सुमारे 0.9 टन कॉस्टिक लागते, आणि 1 टन कॉस्टिक तयार करायला साधारण 2,200 ते 2,500 युनिट वीज खर्च होते. ही वीज कोळशाची असेल, तर कॉस्टिकसोबत तयार होणाऱ्या क्लोरीनच्या खात्यावर निम्मा भार टाकूनही, पकडलेला आणि सोडलेला वायू जवळपास बरोबरीत येतो. सोडा ॲशच्या द्रावणापासून सुरुवात केली तर विजेचा हा प्रश्न राहत नाही, पण तयार मालातला निम्मा कार्बन सोडा ॲशमधूनच आलेला असतो. शिवाय पावाच्या भट्टीत, पोटात किंवा धूर धुण्याच्या यंत्रात हा सोडा वापरला गेला की बांधलेला वायू पुन्हा मोकळा होतो. त्यामुळे या मार्गाचा खरा लाभ बाहेरून विकत घ्यावा लागणारा कार्बन डायऑक्साइड वाचणे हा आहे. जो कारखाना आजही हा वायू विकत घेतो, त्याच्यासाठी तेवढे कारणही पुरेसे आहे. वायू कायमचा साठवल्याचा दावा मात्र त्याने करू नये.

अवक्षेपित कॅल्शियम कार्बोनेटची गोष्ट वेगळी आहे. विरवलेल्या चुन्याच्या दुधाळ पाण्यातून वायूचे बुडबुडे सोडतात. 12 च्या वर असलेला सामू (pH) हळूहळू उतरत 7 च्या आसपास आला की अभिक्रिया संपत आल्याचे कळते. त्या वेळचे तापमान, चुन्याचे प्रमाण आणि वायू सोडण्याचा वेग यांवर स्फटिकांचा आकार ठरतो, आणि आकारावर भाव ठरतो, कारण कागदाला अपारदर्शकपणा आणि फुगीरपणा देणारे झुबकेदार स्फटिक वेगळे आणि लेपासाठी लागणारे स्फटिक वेगळे. येथे धुरातला वायू पूर्ण शुद्ध असण्याची गरज नसते. धूळ आणि गंधक काढले तरी चालते. अडचण चुन्याची आहे. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजूनच चुना मिळतो, आणि त्या भाजण्यात चुनखडीच्या वजनाच्या 44 टक्के वायू सुटतो. नंतर तेवढाच वायू पुन्हा बांधायचा म्हणजे हिशेब शून्यावर येतो आणि भट्टीचे इंधन अंगावर पडते. हिशेब सुधारायचा असेल तर कॅल्शियम टाकाऊ पदार्थातून यायला हवे. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाने अमोनियम क्लोराइडच्या द्रावणाने पोलादाच्या स्लॅगमधील कॅल्शियम काढून त्यापासून अशी भुकटी करण्याची पद्धत प्रायोगिक संयंत्रापर्यंत नेली आहे. तिच्यात उरलेल्या स्लॅगमधून क्लोराइड धुऊन काढण्याचा व्याप मात्र मागे राहतो.

माझा कौल, जवळ स्लॅग किंवा राख असेल तर, तिसऱ्या मार्गाला आहे. पोलादाच्या भट्टीतील स्लॅगमध्ये साधारण 40 ते 50 टक्के चुना असतो आणि त्यातला मोकळा भाग पाणी लागताच फुगतो. अशा स्लॅगची खडी न मुरवता रस्त्याखाली घातली तर पृष्ठभाग उचलला जातो, म्हणून ती महिनोन्‌महिने उघड्यावर मुरत ठेवावी लागते. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड देऊन हेच काम कितीतरी कमी वेळात उरकता येते, तेही धुरातला वायू वेगळा न काढता. आणि बांधलेला वायू आम्ल किंवा भट्टीची आच लागेपर्यंत तेथेच राहतो. इंग्लंडमधील सफोक परगण्यात ब्रँडन येथे 2012 पासून कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या धूरशुद्धीतून उरलेल्या राखेची अशीच गोळीदार खडी केली जाते आणि ती काँक्रीटच्या ठोकळ्यांत वापरली जाते. अशा ठिकाणी घातक राखेची विल्हेवाट लावण्याचे शुल्क खडीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे ठरू शकते.

उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. कणावर कार्बोनेटचे कवच चढले की आतला चुना वायूला भेटत नाही, म्हणून सूत्रावरून काढलेली क्षमता प्रत्यक्षात कधीच हाती येत नाही. बारीक दळल्याने ती वाढते, पण दळण्याची वीज वाढते. सामू उतरल्यामुळे शिसे आणि जस्त यांचे झिरपणे सहसा कमी होते, तर व्हॅनेडियमचे उलट वाढू शकते. शिवाय खडी हा स्वस्त आणि जड माल असल्यामुळे दूरवर नेला की वाहतूकच नफा खाते.

हाच वायू बांधू शकणाऱ्या ऑलिव्हिन आणि सर्पेंटाइन या मॅग्नेशियमच्या खडकांबद्दल एवढेच सांगणे पुरे. साठा अफाट आहे आणि अभिक्रिया उष्णता देणारी आहे, पण अमेरिकेतील ऑल्बनी येथील सरकारी प्रयोगशाळेत ऑलिव्हिनसाठी 185 अंश सेल्सिअस आणि सुमारे 150 वातावरणांचा दाब वापरावा लागला, तर सर्पेंटाइन त्याआधी 600 अंशांहून अधिक तापवावा लागतो. फुकटची उष्णता हाताशी नसलेल्याने या वाटेला तूर्त जाऊ नये.

बाजाराच्या आवाक्याचाही विचार करावा. जगभरात सोडा ॲशचे वार्षिक उत्पादन काही कोटी टनांत मोजले जाते, तर इंधनांतून व सिमेंटमधून दरवर्षी सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एवढ्या वायूपुढे मोजण्यासारखी बाजारपेठ बांधकामाच्या मालाचीच आहे. यंत्रसामग्रीचे दरपत्रक मागवण्याआधी आपल्याच स्लॅगचा नमुना आपल्याच धुरातल्या वायूखाली ठेवून 1 टनामागे किती किलो वायू बांधला गेला आणि त्यासाठी दळायला किती युनिट लागले, हे दोन आकडे एकाच अहवालात लेखी मागावेत.