बाथरूम नवीन करून नऊ महिने झाले, वापरानंतरचा अनुभव

डोंबिवलीत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बिल्डिंग तीसेक वर्षं जुनी, बाथरूम ४ बाय साडेसहा फूट. जानेवारीत काम काढलं ते हौस म्हणून नाही, खालच्या काकूंच्या छताला ओल येऊन प्लास्टरचे पोपडे पडायला लागले होते आणि आईचे गुडघे दुखतात, तिला बुटका कमोड आणि गुळगुळीत लादी दोन्हीची भीती वाटायची.

कॉन्ट्रॅक्टर दहा दिवस म्हणाला होता, २३ लागले. जुनी लादी फोडल्यावर खालची भरणी चिखलासारखी ओली निघाली, आणि भिंतीतला जुना लोखंडी पाईप एल्बोपाशी गंजून गेलेला. त्यामुळे सगळे पाईप सीपीव्हीसीचे (गरम पाणी चालणारं प्लास्टिक) टाकले, हा खर्च आधीच्या हिशोबात नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. वॉटरप्रूफिंग झालं, जमीन-भिंतीच्या कोपऱ्यांना वाटा (सिमेंटची गोलाई) मारला, कोटिंग भिंतीवर फूटभर वर घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी लादी लावायला माणसं हजर. मी अडून बसलो की आधी नहाणीचं तोंड (पाणी जायचं भोक) बंद करून पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. कॉन्ट्रॅक्टर नाराज झाला, दोन दिवस माणसं बसून राहणार म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला, "अरे, परत ओल दिसतेय बघ, पाईपाच्या भोवती." स्लॅबमधून पाईप खाली जातो तिथलं भोक नीट भरलंच नव्हतं. ते खरवडून ग्राउटने (फटी भरायच्या मसाल्याने) भरलं, वरून परत कोटिंग, परत ४८ तास पाणी, तेव्हा कुठे कोरडं राहिलं. लादी लावल्यावर हे कळलं असतं तर सगळं परत फोडावं लागलं असतं! अख्खा पावसाळा गेला, काकूंचं छत कोरडं आहे, दसऱ्याला त्यांनी त्याला रंगही लावून घेतला.

जे चुकलं तेही लिहितो. ढाळ. फुटाला पाव इंचाच्या आसपास हवा असं मी वाचून ठेवलं होतं, पाणसळ लावून बघितलं पण फक्त दारासमोर, कमोडच्या मागे बघितलंच नाही, आणि तिथे पाणी साचतं. रोज वायपर मारावा लागतो. परत उकरलं तर खालच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागेल म्हणून तसंच ठेवलंय. तुम्ही लादी बसवताना बादलीभर पाणी ओतून चारही कोपरे बघा, सिमेंट ओलं आहे तोवर लादी उचलता येते.

डायव्हर्टरचंही (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक) तसंच, त्याचा भिंतीतला भाग प्लास्टर आणि टाइलची जाडी न मोजता बसवला त्यामुळे अर्धा इंच आत गेला, कव्हर बसेना, मग एक्स्टेन्शन आणून जमवलं. काळ्या मॅट फिनिशचे नळ दिसायला छान पण आमच्याकडे बोअरचं पाणी, रोज पुसले नाहीत तर पांढरे डाग. शॉवरची जाळी महिन्याला व्हिनेगरमध्ये भिजवतो.

लाद्यांच्या सांध्यांत जमिनीला एपॉक्सी (रेझिनचं) ग्राउट भरलं, भिंतीला पैसे वाचवायला साधं सिमेंटचं. नऊ महिन्यांत जमिनीचे सांधे जसेच्या तसे, भिंतीचे खालचे दोन थर पिवळट पडलेत. अॅसिडने घासू नका, सिमेंटचे सांधे खाल्ले जातात.

अँटीस्किड लादी, उंच कमोड आणि भिंतीला धरायचा बार, यावर घातलेला एकेक रुपया वसूल झाला. आधी आई अंघोळीला गेली की कोणीतरी दाराबाहेर उभं राहायचं, आता ती एकटी जाते. दुसरा बार दाराजवळ हवा असं तिनेच जूनमध्ये सांगितलं. टाइल लावण्याआधी मी प्रत्येक भिंतीवर टेप धरून पाईपांचे फोटो काढून ठेवले होते, ते उघडून मोजलं तर जिथे ड्रिल मारणार होतो तिथून गरम पाण्याचा पाईप जेमतेम दोन इंचावर होता, मग बार सहा इंच डावीकडे घेतला.