परिचारिकांसाठीचा ओईटी वर्ग, सदाशिव पेठ: पत्रलेखन उत्तम, चौकशीचे टेबल कच्चे

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे आणि ब्रिटनमधील नोंदणीसाठी लागणाऱ्या ओईटी या इंग्रजी परीक्षेची तयारी मी सदाशिव पेठेतील या छोट्या वर्गात केली.

या वर्गाची शिफारस मी करते ती प्रामुख्याने पत्रलेखनासाठी. परीक्षेत रुग्णाच्या केस नोट्स वाचायला पाच आणि लिहायला चाळीस मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात साधारण 180 ते 200 शब्दांचे पत्र पूर्ण करायचे असते. केस पेपरवरील एकही नोंद सुटू न देण्याची सवय आपल्याला वॉर्डात लागलेली असल्यामुळे पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्याच जणी नोट्स जशाच्या तशा उतरवत होतो. शिक्षिका स्वतः पूर्वी अतिदक्षता विभागात काम केलेल्या असल्याने व्याकरणाच्या चुकांकडे वळण्याआधी त्या विचारत, की हे पत्र ज्या परिचारिकेच्या हाती पडणार आहे तिला उद्या सकाळी या रुग्णासाठी नेमके काय करायचे आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या ड्रेसिंगविषयीच्या पत्रात मी त्याची जुनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया लिहिली होती. ती त्यांनी काट मारून काढली आणि साखरेच्या नोंदी मात्र शेवटच्या परिच्छेदातून वर आणायला लावल्या. तपासलेले प्रत्येक पत्र दुसऱ्या दिवशी शेऱ्यांसह परत मिळत असे.

संभाषणाचा सरावही चांगला होतो. परीक्षेत सुमारे पाच मिनिटांचे दोन प्रसंग असतात आणि समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बोलते. गर्दीच्या वॉर्डात आपण सूचना देऊन पुढच्या खाटेकडे वळतो, परंतु येथे रुग्णाची भीती ऐकून घेणे आणि त्याला कितपत समजले आहे हे विचारणे यालाही गुण असतात, ही गोष्ट शिक्षिकांनी अनेक प्रसंग करून घेऊन अंगवळणी पाडली.

श्रवणाचा भाग मात्र कमकुवत आहे. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, आणि वर्गात एकाच स्पीकरवर, रस्त्यावरील हॉर्नच्या साथीने, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन उच्चार पकडायचे म्हणजे शिक्षाच. हेडफोन घालून घरी वेगळा सराव करण्याला पर्याय नाही.

खरी तक्रार चौकशीच्या टेबलाबद्दल आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येकीला, अगदी बारावीनंतर परदेशात नर्सिंगच्या पदवीला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलीलाही, सरसकट ओईटी सुचवली जाते. ओईटी ही आरोग्यसेवेच्या कामकाजी इंग्रजीची परीक्षा आहे; वॉर्ड न पाहिलेल्या मुलीने आधी त्या विद्यापीठाची प्रवेशाची अट वाचावी, कारण आयईएलटीएस अकॅडमिक या उच्च शिक्षणासाठीच्या इंग्रजी परीक्षेचे गुण तेथे चालत असतील तर तिला तोच मार्ग सोपा पडेल. नोंदणीची अट ही त्याहून वेगळी बाब आहे. परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात 7 व लेखनात 6.5, किंवा ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत 350 व लेखनात 300 गुण लागतात. बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण काही किमान मर्यादा पाळून एकत्र धरता येतात, ही मोठी सवलत टेबलावर कोणीही सांगितली नाही. ती वर्गात शिक्षिकांकडून कळली. आपली बी.एस्सी. इंग्रजीतून झाली म्हणजे परीक्षेतून सुटका झाली, हा समजही त्यांनीच दूर केला.

शुल्क एकरकमी मागतात, मात्र आग्रह धरल्यास दोन हप्ते करून देतात. परीक्षेचे शुल्क त्यात धरलेले नसते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. संध्याकाळची तुकडी सकाळच्या ड्युटीनंतर सहज गाठता येते. नाइट ड्युटीच्या आठवड्यात बुडालेले तास रविवारी भरून देतात, आणि हे वेळापत्रक त्यांनी माझ्या वेळी तरी काटेकोरपणे पाळले.