आठ महिन्यांनंतर पेट्रोलचा लीफ ब्लोअर: आधी झाडू, मग दोरी

हातात धरायचा, पेट्रोलवर चालणारा लीफ ब्लोअर वापरायला लागून मला आठ महिने झाले. इंजिन टू-स्ट्रोक (ऑईल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारं), पंचवीस सीसीच्या आसपास. टाकी भरली की वजन साडेचार-पाच किलो. पानं उडवण्याच्या कामात त्याला नावं ठेवायला जागा नाही. झाडूने अख्खी सकाळ खाल्ली असती तेवढा कोरडा पाचोळा अर्ध्या तासात एका कोपऱ्यात जमा होतो. जमिनीला चिकटलेल्या ओल्या पानांपुढे मात्र तोही हात टेकतो. उडवण्याबद्दल एवढं पुरे.

मला लिहायचंय ते तो चालू करण्याबद्दल. कारण या आठ महिन्यांत माझ्यावर जे जे बेतलं, ते जवळपास सगळं दोरी ओढण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन मिनिटांत. (व्हिडिओंमध्ये याला ‘गॅस ब्लोअर’ म्हणतात. तो गॅस म्हणजे पेट्रोल, सिलिंडर नव्हे. आमच्या घरात हा प्रश्न खरोखर विचारला गेला.)

पहिला दिवस सांगतो. मी जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवर हात बसलेला माणूस. चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप), प्लग (ठिणगी पाडणारा), टू-टी ऑईल यांतलं मला कोणी काय शिकवणार, अशा तोऱ्यात होतो. माहितीपुस्तिका खोक्यातच राहिली. शेडमध्ये, शटर अर्धं वर, टेबलावर मशीन ठेवलं, चोक लावला, वेग धरून ठेवणारी खिट्टी थेट शेवटपर्यंत सरकवली आणि ओढायला लागलो. दहा झाले, पंधरा झाले. पेट्रोलचा वास यायला लागला. वैतागून चोक काढला आणि रेस तशीच पूर्ण ठेवून अजून सात-आठ वेळा ओढलं. मग ते एकदम पेटलं, तेही पूर्ण वेगात.

मला माहीत नसलेली गोष्ट अशी: चेन सॉला किंवा दांड्याच्या गवत कापायच्या बहुतेक मशीनना क्लच असतो. इंजिन मंद चालू असेपर्यंत साखळी किंवा पातं फिरत नाही. या ब्लोअरला क्लचच नाही. पंखा थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, बसवलेला. म्हणजे इंजिन चालू झालं त्या क्षणी नळीतून वारा सुरू, आणि रेस पूर्ण असेल तर वाराही पूर्ण. अशा मशीनमधून निघणारी हवा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जाते. माझी नळी समोरच्या फळीकडे होती. फळीवरचे डबे खाली, फळीवरची कित्येक वर्षांची धूळ माझ्या डोळ्यांत. मशीन टेबलावरून सरकायला लागलं, मी एका हाताने डोळे चोळतोय आणि दुसऱ्या हाताने बंद करायचा खटका शोधतोय. खटका सापडेपर्यंत शेड धुराने भरलं होतं. संध्याकाळी डोकं दुखत होतं ते धुळीने, असं मी स्वतःला सांगितलं. आज तसं सांगणार नाही. धुराला वास असतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नसतो, आणि अर्धं शटर वर असणं म्हणजे मोकळी हवा नव्हे.

त्या रात्री पुस्तिका वाचली. मजा म्हणजे, चोक काढून पूर्ण रेसवर ओढत राहणं हा पेट्रोल जास्त झालेल्या इंजिनवरचा बरोबर उपाय निघाला. मी तो रागाने केला होता, एवढाच फरक. जागा मात्र चुकीची, नळीचं तोंड चुकीचं आणि डोळे उघडे.

आता मशीन उघड्यावर, जमिनीवर ठेवून चालू करतो, आणि त्याआधी ती जागा झाडूने झाडून घेतो. हसू नका. ब्लोअर चालू करायला झाडू लागतो हे मलाही पचायला वेळ लागला. पण त्याच्या एका बाजूला हवा आत घेणारी जाळी असते, ती जमिनीजवळची पानं आणि बारीक खडी ओढून घेते. दुसऱ्या बाजूला सायलेन्सर असतो, जो काही मिनिटांत एवढा तापतो की कोरड्या पाचोळ्यावर तो टेकवणं म्हणजे काडी लावण्यासारखंच. हातभर रुंद स्वच्छ जागा पुरते. नळीचं तोंड माणसांपासून, गाडीपासून, खिडकीपासून दूर. कोणी जवळ असेल तर थांबतो. पुस्तिकेत इतरांना पंधरा मीटर लांब ठेवायला सांगितलंय. सुरुवातीला मला तो अतिरेक वाटला. मग एकदा वाऱ्यात उडालेला खडा दहा-बारा पावलांवरच्या बादलीवर टणकन वाजलेला ऐकला.

गॉगल आणि कानावरचे मफ दोरीला हात लावण्याआधीच चढवतो, कारण क्लच नसल्यामुळे ‘चालू झाल्यावर घालू’ याला अर्थच राहत नाही. अशा इंजिनाचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशेब असा की 85 डेसिबल आवाजात आठ तास चालतात, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. माझी एक फेरी अर्ध्या तासाची असते. गळ्यातली ओढणी किंवा मफलर, जॅकेटची लोंबणारी नाडी, मोकळे केस हे सगळं त्या जाळीपासून लांब.

मफ घालण्याचा एक तोटा कुठेच लिहिलेला दिसला नाही, तो सांगायलाच हवा. थंड इंजिन चोकवर ओढलं की ते आधी नीट चालू होत नाही. एक उचकी देतं, ‘फुर्र’ करतं आणि विझतं. ती उचकी हीच खूण. तिथे चोक अर्धा करायचा, पुढच्या एक-दोन ओढींत इंजिन पकडतं. उचकी कळली नाही आणि पूर्ण चोकवरच ओढत राहिलात, तर पेट्रोल आत जात राहतं, प्लग ओला होतो आणि मग बसा. मफ घातल्यावर ही उचकी ऐकू येत नाही. पहिले दोन महिने मी दर तिसऱ्या वेळी इथेच चुकत होतो. आता कानावर विसंबत नाही. सायलेन्सरपाशी धुराचा छोटा भपका दिसतो आणि डाव्या हाताखाली मशीन किंचित थरथरतं. तेवढं पुरतं. आणि चौथ्या-पाचव्या ओढीपर्यंत काहीच जाणवलं नाही, तरी चोक अर्धा करतोच.

तो पारदर्शक रबरी फुगा, प्रायमर, त्याबद्दल माझा समज उलटा होता. जास्त दाबला तर पेट्रोल ओव्हर होईल, म्हणजे इंजिनात नको तेवढं जाईल, म्हणून मी भीत भीत दोनदा दाबायचो. माझ्या मशीनवरचा फुगा इंजिनात पेट्रोल ढकलतच नाही. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरमधून (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातून) फिरवून परत टाकीत सोडतो आणि मधली हवा काढतो. दोन बारीक नळ्या दिसतात, एक यायची आणि एक जायची. त्यामुळे फुग्यात बुडबुडे न राहता पेट्रोल दिसेपर्यंत, सात-आठ-दहा वेळा, बिनधास्त दाबायचा. ओव्हर करतो तो चोक.

आता दोरी. डाव्या हाताने मशीन जमिनीवर दाबून धरायचं, उजव्या हाताने दोरी हळू वर घ्यायची. थोडी आल्यावर जड लागते. तिथून एक सरळ, झपकन ओढ, पण पार शेवटपर्यंत नाही. माझी दोरी दोन तृतीयांश आली की पुरते. मग मूठ न सोडता दोरी आत जाऊ द्यायची. सोडून दिली तर ती फाडकन आपटते आणि आतली स्प्रिंग कधीतरी जाते. बोटांना दोरी गुंडाळायची नाही, कारण इंजिन क्वचित उलटा हिसका देतं आणि तेव्हा मूठ सुटायला हवी. हे सगळं मी शिकलो ते दुसऱ्या महिन्यात, खांदा दुखावून घेतल्यावर. मशीन एका हातात लोंबतं धरून दुसऱ्या हाताने ओढायची स्टाईल व्हिडिओत झकास दिसते. माझा खांदा त्यानंतर दहा दिवस कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोहोचत नव्हता. शिवाय तसं ओढताना सायलेन्सर मांडीजवळ येतो आणि नळी कुठेही वळते.

सगळ्यात लाजिरवाणा दिवस चौथ्या महिन्यातला. चौदा वेळा ओढलं, फुगा, चोक सगळं रीतसर, तरी ढिम्म. पंधराव्या वेळी लक्षात आलं की बंदचा खटका बंदवरच आहे. आणि नुसता खटका चालू करून भागत नाही. खटका बंद असला तर प्लगला ठिणगी मिळत नाही, पण पेट्रोल तर प्रत्येक ओढीला आत गेलेलं असतं. म्हणजे इंजिन आधीच ओव्हर. प्लगची टोपी काढून प्लग खोलला, कोरडा पुसला, टोपी इंजिनाच्या धातूपासून आणि प्लगच्या भोकापासून लांब ठेवून, खटका बंद करून दोरी चार-पाच वेळा ओढली. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, तेव्हा तोंड त्यावर नेऊ नका आणि ते वाळेपर्यंत ठिणगीचं नाव काढू नका. प्लग परत बसवला, चोक न लावता तिसऱ्या ओढीला चालू.

इंजिन चालू झाल्यावर अर्धा-एक मिनिट मंद चालू देतो. लगेच रेस दिली तर थंड इंजिन गुदमरून बंद पडतं. काम करताना मध्ये बंद केलं आणि दहा मिनिटांनी परत चालू करायचं असेल, तर चोकला हातच लावायचा नाही. गरम इंजिनला चोक लावणं म्हणजे पुन्हा ओला प्लग.

पेट्रोलची बाजू लिहायला कंटाळवाणी आहे, पण निम्मी दुखणी तिथूनच येतात. माझ्या मशीनला पन्नासास एक, म्हणजे एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल. काही मशीनना चाळीसास एक, म्हणजे 25 मिलिलिटर लागतं. आपल्या टाकीच्या झाकणाजवळ काय लिहिलंय ते बघा. ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिनला बरं’ ही स्कूटरवाली समजूत सोडा. प्लग काळा होतो आणि धूर वाढतो. ऑईल विसरलात तर मात्र पिस्टन जाम, आणि त्यावर कसलाही उपाय स्वस्त नाही. म्हणून मी मिश्रण मशीनच्या टाकीत करत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करतो, हलवतो आणि कॅनवर तारीख लिहितो. महिन्यापेक्षा जुनं वापरत नाही. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि मग त्रास कार्बोरेटरला होतो. पाण्याच्या बाटलीत मिश्रण ठेवणाऱ्यांशी मी भांडतो. बाटली दिसली की माणूस तोंडाला लावतो.

पेट्रोल भरताना एकदा घाई केली होती. टाकी संपली, इंजिन गरम, दोन मिनिटांत भरून पुन्हा सुरू करू म्हणून झाकण फिरवलं, तर आतला दाब फुस्स करून सुटला आणि हातावर पेट्रोल. बाजूलाच तापलेला सायलेन्सर. काही झालं नाही. पण पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, हे त्याच रात्री वाचलं आणि झोप उडाली. आता इंजिन निवेपर्यंत दहा मिनिटं पाणी पितो, कॅन जमिनीवर ठेवून भरतो, झाकण हळू फिरवतो, सांडलेलं पुसतो आणि चालू करायला किमान तीन मीटर लांब जातो.

पाचव्या महिन्यात नवीनच रोग आला. चालू होतं, मंद चालतं, पण रेस दिली की दम सोडतं. एअर फिल्टर धुतला, प्लग बदलला, फरक नाही. दुरुस्तीवाल्याने कार्बोरेटर बदलायचं सुचवलं. शेवटी सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली ठिणगी अडवणारी बारीक जाळी काढून पाहिली, तर काजळीने पूर्ण बुजलेली. पितळी ब्रशने घासली, मशीन पहिल्या दिवसासारखं. ही जाळी कटकट म्हणून काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. ती कोरड्या पाचोळ्यात ठिणगी पडू नये म्हणूनच असते, तेव्हा घासा आणि परत लावा.

तक्रारी आहेतच. खटका अशा जागी आहे की जाड हातमोज्यात सापडत नाही. मी त्यावर लाल चिकटपट्टी लावली. अर्ध्या तासाने बोटं बधिर होतात, म्हणून मध्ये थांबावंच लागतं. चोकच्या खुणा काळ्यावर काळ्या, कडक उन्हात दिसत नाहीत. आणि आवाजाबद्दल शेजाऱ्यांचं जे मत आहे ते त्यांच्या बाजूने पूर्ण खरं आहे.

पुन्हा घेईन का? आवार मोठं आणि पाचोळा रोजचा, म्हणून घेईन. आठवड्यातून एकदा अंगण झाडायचं असेल तर बॅटरीवाला घ्या. त्यात हे वर लिहिलेलं बहुतेक काहीच करावं लागत नाही. माझं मशीन आता थंड असताना चौथ्या ओढीला आणि गरम असताना पहिल्या ओढीला चालू होतं. गेल्या आठवड्यात मेहुणा घेऊन गेला आणि अर्ध्या तासात फोन आला, ‘दाजी, दोरी ओढून ओढून हात गेला.’ मी म्हटलं, लाल चिकटपट्टी बघ.