बाजारातलं दिव्यांग शौचालय: आज 5 पैकी 3 स्टार, दीड वर्षापूर्वी एकही दिला नसता

मी नऊ वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे. घरची भाजी मीच आणते, आणि बाजारात जायचं म्हटलं की सकाळपासून माझं पाणी बंद. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 ला टेकलेला असतो, सगळे उसाचा रस नाही तं ताक पिऊन राहिले असतात आणि मी नुसते ओठ ओले करते, कारण प्यायलं तर जायचं कुठे. दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी प्या, लघवी रोखू नका.

तसं आमच्या बाजारात सार्वजनिक शौचालय आहे, एका दारावर व्हीलचेअरचं निळं चित्रही आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याला कुलूप. तिथल्या मावशी म्हणाल्या, "चावी सुपरवायझरकडे असते ताई, इकडे कोणी येतच नाही ना." अर्ध्या तासानं उघडलं तर आत झाडू, फिनाईलचे कॅन, तुटलेल्या बादल्या. मावशींना मी दोष देत नाही, त्यांना सामान ठेवायला दुसरी जागाच दिली नव्हती. मी त्या दिवशी तशीच घरी आले, आणि रस्त्यात काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी भावाला टेप घेऊन नेलं. हे तुम्हीपण करा, कारण "गैरसोय होते" एवढंच लिहिलं तर अर्ज पडून राहतो, मापं लिहिली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. रॅम्पचा उतार 1:12 पाहिजे, म्हणजे 1 फूट चढायला 12 फूट लांबी. इथे चढ फूटभर आणि रॅम्प साडेचार फूट, दोघांनी ढकललं तरी खुर्चीची पुढची चाकं उचलली जात होती. दार 90 सेंटीमीटर मोकळं पाहिजे, निघालं 68. माझी खुर्ची 64 ची, आत जाताना दोन्ही हातांच्या बोटांची सालं निघाली. भांड्याच्या बाजूला धरायला दांडी नाही.

मग आम्ही पाच-सहा जण मिळून अर्जाच्या मागे लागलो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून 5 वर्षांत सुगम करायच्या असं आहे, नियम आले 2017 ला, म्हणजे मुदत 2022 मधेच संपली, हे सगळं कलम 45 लिहून अर्जात टाकलं. सह्या भाजीवाल्यांनी दिल्या, नारळवाल्या काकांनी तर गिऱ्हाईक थांबवून थांबवून घेतल्या, कारण त्यांच्या आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. तेव्हा मला कळलं का हे फक्त खुर्चीवाल्यांचं काम नाही, म्हातारी माणसं, गरोदर बाया, प्लास्टरमधला पाय, सगळ्यांना तेच दार लागतं.

आजची स्थिती: रॅम्प नवीन झाला, वळण घेऊन बारा फुटांच्या वर आहे, मी एकटी चढते. दार मोठं केलं. दांड्या दोन्ही बाजूला लागल्या, मी पूर्ण वजन टाकून पाहिलं, हलत नाहीत. चावी आता मावशींजवळच असते आणि त्या मला लांबून पाहिलं का दार उघडून ठेवतात.

दोन स्टार कापले कारण दार आतल्या बाजूनं उघडतं. खुर्ची आत गेली की ते लागतच नाही, मग वहिनी बाहेर ओढणी धरून उभी राहते आणि मी आत घाई करते. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडायचं केलं की झालं, एका दिवसाचं काम आहे. आणि वॉश बेसिन एवढं उंच आहे का बसून नळापर्यंत हात पुरत नाही.

या दोन कामांचा अर्ज सोमवारी देऊन राहिलो. सही करायची असेल तर शनिवारी संध्याकाळी 5 नंतर नारळाच्या गाडीजवळ या, कागद काकांजवळ ठेवला आहे.