तांबं आणि सीपीव्हीसी : अकरा महिने दोन्ही वापरल्यावर

नळजोडणी नव्याने करताना आमच्या घरात एकमत होईना. शेवटी एका न्हाणीघराची गरम पाण्याची लाइन तांब्याची केली, दुसऱ्याची सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची. गार पाण्याला सगळीकडे सीपीव्हीसीच.

पहिला त्रास प्लास्टिकने दिला. गरम नळ सोडला की थोड्याच वेळात भिंतीमागून टक्‌ टक्‌ सुरू. रात्री तर झोपमोड व्हायची. डक्ट उघडून पाहिलं, तर सहा मीटरच्या सरळ पाइपाला क्लॅम्प करकचून आवळलेले. सीपीव्हीसी तापलं की तांब्याच्या जवळजवळ चौपट वाढतं. 20 अंशांचा पाइप 60 अंशांवर गेला, तर सहा मीटरमागे साधारण दीड सेंटिमीटर लांबी वाढते. तांब्याची जेमतेम चार मिलिमीटर. त्या वाढीला जागाच ठेवली नव्हती. क्लॅम्प सैल केले, मध्ये एक यू-वळण घेतलं, आवाज बंद झाला.

एक जोडही पाझरला. पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावून तो आत सारताना पाव वळसा देऊन काही सेकंद दाबून धरावा लागतो, तिथे घाई झाली होती. असा जोड दुरुस्त होत नाही, कापूनच काढावा लागतो. पाइप भिंतीत बुजवण्याआधी दाब देऊन तपासणी कराच. आम्ही ती केली नाही, याची अजून हळहळ वाटते.

एवढं होऊनही मी सीपीव्हीसीच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आमचं पाणी. चौथ्या महिन्यात तांब्याच्या लाइनवरच्या बेसिनमध्ये, नळाच्या बरोबर खाली, निळसर-हिरवा ओघळ दिसू लागला. घासला की जायचा, आठवड्यात परत यायचा. पाणी तपासलं, पीएच 6.2 निघाला. असं आम्लधर्मी पाणी तांबं हळूहळू खातं आणि पुढे पाइपाला सुईएवढी भोकं पडतात. ही तपासणी पाइप घेण्याआधी करायला हवी होती. पीएच सातच्या वर असता, तर गरम पाण्याला मी तांबंच सुचवलं असतं. उष्णता ते निर्धास्त सोसतं. सीपीव्हीसीची मर्यादा 93 अंश, आणि तापमान चढत जाईल तशी त्याची दाब पेलण्याची ताकद घटते. म्हणून गिझरचा थर्मोस्टॅट बिघडला तर काय, याचा विचार हवाच.

तांब्याची लाइन पुढच्या महिन्यात काढतोय. गिझरलगतचा अर्धा मीटर मात्र दोन्हीकडे स्टेनलेस स्टीलचा ठेवणार आहे.