कानबाईच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग साफ करायचंय : तात्पुरत्या फाइल्स की पाइप?

श्रावणातल्या रविवारी खान्देशातली देवी कानबाई बसते, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी विसर्जन. त्या रात्रीची अहिराणी गाणी आता खान्देशात बरीच पोरं रेकॉर्ड करून ठेवू लागली आहेत. हे काम व्हायलाच हवं. ज्यांना ही गाणी तोंडपाठ आहेत त्या म्हाताऱ्या बायका काही कायमच्या पुरणार नाहीत. पण सहा तासांच्या रेकॉर्डिंगमधून पंख्याची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण काढून एमपी३ बनवायची म्हटलं की जुन्या लॅपटॉपची डिस्क कमी पडते.

४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा वेव्ह आवाज तासाला साधारण ६३५ एमबी जागा खातो. सहा तासांचे पावणेचार जीबीच्या वर जातात, आणि तात्पुरत्या फाइल्सच्या पद्धतीत, म्हणजे दर टप्प्याचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये ठेवत गेलं तर, हा भार प्रत्येक टप्प्याला नव्याने पडतो. पाइपमध्ये एका प्रोग्रॅमचा आवाज थेट दुसऱ्याकडे वाहतो. लिनक्सवर मधला साठा सहसा फक्त ६४ केबीचा असतो. तो भरला की मागचा प्रोग्रॅम आपोआप थांबतो.

आधी हे बघा, पाइप लागतोच आहे का? सॉक्स (SoX) या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅमच्या एकाच कमांडमध्ये हवे तेवढे इफेक्ट ओळीने लावता येतात. त्यात काम भागत असेल तर प्रश्नच मिटला. सॉक्समधून लेममध्ये (LAME, एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम), किंवा एफएफएमपेगमधून (FFmpeg, ऑडिओ-व्हिडिओ फाइल्स वाचणारा आणि बदलणारा प्रोग्रॅम) सॉक्समध्ये आवाज न्यायचा असेल तेव्हा पाइप घ्या.

मग पाइपमधून आवाज कोणत्या रूपात पाठवायचा? खरी गोम इथे आहे. कच्चा म्हणजे रॉ आवाज सगळ्यात सुटसुटीत, पण त्याला हेडर, म्हणजे सुरुवातीला आवाजाची माहिती देणारा भाग, नसतो. किती हर्ट्झ, किती बिट, किती चॅनल हे पुढच्या प्रोग्रॅमला तुम्हीच सांगायचं. मोनो आवाज स्टिरिओ म्हणून वाचला गेला तर गाणं दुप्पट वेगाने, चिरक्या आवाजात पळतं, आणि कुठेही एरर येत नाही. म्हणून नवख्याने रॉच्या वाटेला जाऊच नये.

वेव्हला हेडर असतं. त्यात एकूण लांबी लिहायची असते, ती शेवटी मागे जाऊन भरतात, आणि पाइपमध्ये मागे जाता येत नाही. सॉक्स तशी सूचना देतो. काही प्रोग्रॅम लांबीकडे न बघता शेवटपर्यंत वाचतात, पण सगळे नाही. लेमला वेव्ह दिलात तर शेवटी एमपी३ पूर्ण लांबीची झाली ना, हे तपासा. दोन्ही बाजूंना सॉक्स असेल तर मात्र आउटपुट फाइलच्या जागी ‘डॅश पी’ (-p) लिहा. आवाज सॉक्सच्या स्वतःच्या ३२ बिटी रूपात जातो, दर टप्प्याला १६ बिटांत गोल होत नाही, आणि लांबीचा आकडाही ६४ बिटी असल्याने वेव्हची ४ जीबीची मर्यादा आड येत नाही.

काही कामांना पाइपचा फायदाच नाही. आवाजाची पातळी ठरावीक उंचीवर आणणाऱ्या ‘नॉर्म’ला आधी सगळ्यात मोठा आवाज शोधावा लागतो, म्हणून सॉक्स आतल्या आत तात्पुरती फाइल करतोच, ‘रिव्हर्स’चंही तेच. नॉइज काढताना घरघरीचा नमुना आधी ‘नॉइजप्रोफ’ने वेगळा काढायचा. ती छोटी फाइल असते; मग त्या नमुन्यावरून घरघर काढणारा ‘नॉइजरेड’ पाइपमध्ये खुशाल चालतो.

लोडशेडिंगच्या गावात डेस्कटॉपवर काम करत असाल तर फाइल्सची पद्धत बरी. वीज गेली तरी झालेले टप्पे शाबूत राहतात, पाइप मात्र पहिल्यापासून चालवावा लागतो. नॉइज किती काढायचा हे कानांनी ठरवेपर्यंतही फाइल्सच ठेवा, त्याही दोन मिनिटांच्या तुकड्यावर. गाणाऱ्या बाईचा घोगरेपणा नॉइजबरोबर निघून गेला तर त्या साफसफाईला अर्थ नाही. सेटिंग पक्की झाली की पूर्ण रात्र पाइपमधून सोडा, आणि बॅशमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘पाइपफेल’ ही सेटिंग चालू करायला विसरू नका. एरवी बॅश फक्त शेवटच्या प्रोग्रॅमचा निकाल बघतो. मधला सॉक्स अर्ध्यात बंद पडला तरी लेम अर्धी एमपी३ बनवून सगळं ठीक झाल्याचं सांगतो.