मराठी पुस्तिकेसाठी विकी की गिट?
जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या स्वयंसेवकांनी मिळून लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका लिहायची, तर मजकूर विकीवर (अनेकांना संपादित करता येणाऱ्या वेबपानांवर) ठेवावा की गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत), हे आधी ठरवावे लागते. विकीवर ब्राउझरमधूनच दुरुस्ती होते, त्यामुळे शहाद्याच्या शिक्षकालाही पहिल्याच दिवशी हातभार लावता येतो. मात्र चुकीचा बदलही बहुधा तितक्याच तत्परतेने वाचकासमोर जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या विकासासाठी रचलेल्या गिटमध्ये संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर राहतो, म्हणून इंटरनेट बंद पडले तरी काम थांबत नाही, आणि ‘फाइल’ की ‘धारिका’ हा वाद (तो होतोच) स्वतंत्र शाखेत (मजकुराच्या समांतर आवृत्तीत) मिटवून मगच मुख्य मजकुरात बदल घेता येतो. अट एकच: मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींत हवा, कारण लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलींतील फरक गिट आपणहून ओळीओळीने दाखवत नाही. शिकायला अवघड असूनही माझा कौल गिटला आहे.